नळ सोडून बोलायचं

चरईत, तिसऱ्या मजल्यावर,
महत्त्वाचं काही बोलायचं झालं
की मी अजून आधी नळ सोडते.
सेक्रेटरी म्हणतो, ताम्हाणेकाकू, पाण्याचं बिल.
मी हो म्हणते, नळ चालू ठेवून.

सवय मॉस्कोची.
पहिल्याच आठवड्यात ह्यांनी छताकडे बोट दाखवलं,
मग तेच बोट ओठांवर ठेवलं.
तेव्हापासून बदली, दिल्लीच्या साहेबांची लहर,
माझी चुकलेली पाळी,
सगळं वाहत्या पाण्यात बोललो.
बाकीचं मोकळं होतं:
हिंग संपला.
वाल फडक्यात बांधून गरम पाइपांवर ठेवले
तर दोन दिवसांत मोड येतात.
राजदूतांच्या बाईंपेक्षा भारी साडी नेसायची नाही.
हे ऐकायला कुणीतरी बसलेलं असणार
कानांना ते लावून.
त्यासाठी कुणीतरी मराठी शिकलेलं असणार.
मला दया यायची.
बिरडं हा शब्द
कुठल्या कोशात सापडला असेल बिचाऱ्याला?
म्हणून मग वाल सोलताना
मी सावकाश बोलू लागले,
शब्द सुटे करून.

हेमलता तिकडे कुणाला म्हणता येत नसे.
त्यांच्यात ह नाही. गेमलाता म्हणत.
पार्ट्यांना गेमलाता जायची,
काठाच्या साडीखाली लोकरीची विजार घालून,
एकच ग्लास तीन तास धरून हसायची.
घरी परत यायची ती हेमलता.
तिला दोघंच ओळखत होते,
हे आणि छत.
पुष्कळदा नुसतं छत.

आई गेली त्या जानेवारीत
हे रात्री उशिरा बातमी घेऊन आले.
बूटही न काढता सांगितली.
रजा मिळणार नव्हती, तेही सांगितलं.
त्या रात्री नळ सोडायचा राहिला.
मोठ्यानं एकच विचारत राहिले,
तिच्या तोंडात पाणी कुणी घातलं असेल?

सकाळी तामारा आली.
त्यांच्या कचेरीनं नेमून दिलेली,
शब्द मोजून खर्च करणारी.
मी तिला काही बोलले नव्हते. हेही नाही.
तिनं कोट काढला,
खिडकीत पाण्यानं भरलेला पेला ठेवला,
त्यावर काळ्या पावाचा तुकडा,
आणि फरशी पुसायला बसली.

तिकडचे कावळे करड्या अंगाचे.
दहाव्या दिवशी तो तुकडा मी झरोक्यातून बाहेर टाकला.
लगेच शिवला.
आईची काही इच्छा राहिली नसेल,
किंवा उणे वीस होतं, त्याला भूक असेल.

आता हे नाहीत. तो देशही नाही.
मुलानं हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय,
सिडनीहून मला बघतो.
आवाज येत नाही म्हणे त्यात,
की तो बंद ठेवतो, कोण जाणे.
ब्युरोनं पाठवलेली सुगंधा वहीत लिहिते:
दोन पोळ्या, साखर एकशे चाळीस, झोप पाच तास.
फार नीट सांभाळतात मला.
बोललेलं तेवढं कुणी उतरवून घेत नाही.

आज सर्वपित्री.
ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचा दिवस.
ह्यांचं पान ठेवून झालं, आईचं झालं.
मग ग्रिलमध्ये एक पेला ठेवला,
वर बेकरीतला ब्राउन पाव.
तिथी काय, मला नावही माहीत नाही.
सुगंधानं विचारलं, हे कुणाचं, आजी?
माझा हात नळाकडे गेला.
स्टेमचं शटडाऊन.
नळातून नुसती हवा आली,
कुणी घसा खाकरावा तशी.
मग तसंच सांगितलं.
सावकाश,
शब्द सुटे करून.